कापणी, कालीपूजा आणि कलर कोट

गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं 2011 साली. म्हणजे त्याचा पुरुष फुटबॉल संघ त्याहून जुना असूच शकत नाही. कागदावर हे अगदी बरोबर आहे. पण गडचिरोली जिल्ह्याच्या मुलचेरा तालुक्यातल्या सुंदरनगरात नाहीतर विवेकानंदपुरात जाऊन हे सांगून बघा. पानठेल्यावरचे एखादे आजोबा तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतील आणि म्हणतील, "मग तोवर आम्ही काय लगोरी खेळत होतो?"

या भागातल्या एका महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण शिकवलं आणि अधूनमधून व्यवस्थापक म्हणून संघाबरोबर हिंडलो. स्कोअरशीटवर न येणाऱ्या गोष्टी व्यवस्थापकाच्याच वाट्याला येतात. त्यातल्या काही इथे सांगतो. मुलांची नावं मुद्दाम देत नाही. काही जण आता पोलिसात आहेत, काही शिक्षक आहेत, आणि एकदोघांच्या बायकांना नवऱ्याचे कॉलेजातले उद्योग अजून कळलेले नाहीत.

ट्रकमधून आलेला खेळ

मुलचेऱ्यात फुटबॉल कुठून आला, हे गावांच्या नावांवरूनच कळतं. खुदीरामपल्ली, देशबंधूग्राम, विवेकानंदपूर. एक नाव 1908 साली फासावर गेलेल्या खुदीराम बोस यांचं, एक चित्तरंजन दास यांचं आणि एक स्वामी विवेकानंदांचं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेली बंगाली कुटुंबं 1960च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून अवकाश होता. तो झाला 1982 साली. बाजूला गोमणी, लगाम, अडपल्ली ही जुनी गावं, त्यांत गोंड, माडिया, तेलुगू आणि मराठी बोलणारी माणसं. त्यांच्या शेजारी जंगल तोडून ही नवी गावं उभी राहिली.

घर बांधायला बांबू मिळाला, कसायला जमीन मिळाली. खेळ मात्र ही माणसं सोबत घेऊनच आली होती. मोहन बागाननं 29 जुलै 1911 रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, ही गोष्ट इथल्या म्हाताऱ्यांनी आजोबांकडून ऐकलेली. त्या संघातले दहा जण अनवाणी खेळले होते. मुलचेऱ्याच्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही, कारण तेही अनवाणीच खेळत मोठे होतात. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत धसकटं तुडवत खेळ सुरू होतो. ज्या पायानं धसकटावर चेंडू अडवला, त्याला गवताचं मैदान म्हणजे गादी वाटते.

नकाशावरची रेघ

2011पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठात होते. ते विद्यापीठ 1923चं. त्याच्या संघात शिरायचं तर नागपूर-कामठीच्या पोरांना मागे टाकावं लागे. कामठीला 1821पासून लष्करी छावणी आहे आणि फुटबॉल तिथल्या गल्लीबोळांत मुरलेला आहे. रब्बानी क्लबसारखे क्लब, वर्षभर चालणारी लीग, चिखलात आणि उन्हात सारखीच धावणारी पोरं. त्यांच्यापुढे मुलचेऱ्याचा मुलगा उभा राहायचा तो रात्रभर एसटीत बसून, डोळे चोळत. आष्टी, गोंडपिपरी, चंद्रपूर, मग नागपूर. चाचणीत त्याच्या पायाला चेंडू लागायचा चार-पाच वेळा. तेवढ्यात जे दिसेल ते दिसेल.

एका जुन्या खेळाडूनं मला त्या चाचणीची हकिकत सांगितली. त्याला उभं केलं उजव्या विंगवर. अर्धा तास त्याच्याकडे कुणी पासच देईना. सगळे एकमेकांना नावानं ओळखत होते, याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी वैतागून त्यानं आपल्याच संघातल्या पोराच्या पायातून चेंडू काढून घेतला आणि गोल केला. "मग काय झालं?" मी विचारलं. तो म्हणाला, "काय होणार सर? गोल धरला, मला नाही धरलं."

गोंडवाना विद्यापीठ झालं आणि नकाशावर एक रेघ पडली. परीक्षांचे निकाल, कुलगुरू, इमारती यांवर भरपूर लिहिलं गेलं. त्या रेघेनं फुटबॉलचे अकरा नवे झगेही शिवले, हे कुणी लिहिलं नाही. काल ज्याला नागपुरात पास मिळत नव्हता, त्याच्यासारख्याला आता स्वतःच्या विद्यापीठाची जर्सी मिळणार होती. पण कामठीच्या ज्या बॅकच्या खांद्याआड निर्धास्त खेळता आलं असतं, तोच आता समोरच्या संघातून अंगावर येणार होता. वाटणीत घर मिळालं खरं. विहीर मात्र भावाच्या हद्दीत गेली.

विद्यापीठाच्या संघाचं वर्ष तसं सरळ असतं. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग निवड चाचणी, सराव शिबिर आणि साधारण हिवाळ्यात पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथे महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याची विद्यापीठं असतात. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत बाद पद्धत, पुढे उरलेल्या चौघांत साखळी. ते चौघं अखिल भारतीय फेरीला जातात आणि तिथली ढाल असते सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाची. ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. मुलचेऱ्यातून निघालेल्या पोराला फुटबॉलच्या वाटेवर शेवटी भेटतो तोही बंगालीच.

मंडल की मोंडल?

सामन्यात हरल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरतं. कागदात हरल्याचं नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्रतेचा फॉर्म लागतो. त्यावर बारावीचं वर्ष, प्रवेशाची तारीख, जन्मतारीख, फोटो, प्राचार्यांची सही आणि विद्यापीठाचा शिक्का. वय पंचविशीच्या आत हवं. हे सगळं मूळ कागदांशी ताडून पाहतात आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी छाननीचं टेबल हलत नाही.

आमच्याकडे अक्षर हमखास इकडचं तिकडे व्हायचं. दाखल्यावर 'मंडल', गुणपत्रिकेवर 'मोंडल'. शाळेच्या रजिस्टरात 'विश्वास', आधार कार्डावर 'बिश्वास'. एकाच्या घरी तर तीन भावांची तीन आडनावं झाली होती, कारण तिघांना तीन वेगवेगळ्या गुरुजींनी शाळेत घातलं होतं. बाप कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, देश बदलला तेव्हा एवढा त्रास नाही झाला."

एका वर्षी निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सर्वांत चांगल्या मिडफिल्डरच्या कागदात असाच घोळ निघाला. प्रतिज्ञापत्र करायचं तर मुद्रांक हवा, मुद्रांक विकणारा चामोर्शीला लग्नात. कोच आणि मी मोटारसायकलवर निघालो. मांडवात पंगतीतून त्या गृहस्थाला उठवलं. त्यानं हात धुतले, शांतपणे कुलूप उघडून मुद्रांक दिला आणि वर म्हणाला, "आता जेवूनच जा." आम्ही जेवून निघालो. पोरगा स्पर्धेत खेळला. त्या संघाच्या यशात लग्नातल्या मसालेभाताचा वाटा आहे, हे अहवालात लिहायची सोय नव्हती.

तापलेला स्ट्रायकर

सराव शिबिरात मुलं न येण्याची कारणं दोन. एक कापणी, दुसरं गावच्या स्पर्धा. कापणीचं कारण खरं असतं, त्यामुळे पोरगं ते तोंडावर सांगतं. "सर, धान पडून आहे बांधीत, बाबा एकटेच आहेत." यावर काय बोलणार? अवकाळी पाऊस आला तर वर्षाचं अन्न जातं. विद्यापीठाची जर्सी अंगावर घालता येते, खाता येत नाही.

दुसऱ्या कारणाला मात्र नेहमी ताप येतो.

दुर्गापूजा, कालीपूजेपासून पुढे या पट्ट्यात फुटबॉलचा हंगाम चढतो. गावोगावी स्पर्धा, रोख बक्षिसं, मैदानाभोवती बांबूचं कुंपण आणि भोंग्यावर बंगाली-मराठीची खिचडी कॉमेंट्री. संघांना राज्याची सीमा आड येत नाही. छत्तीसगडमधल्या पखांजूरकडून आणि तेलंगणातल्या कागजनगरकडून पोरं येतात. तिकडेही निर्वासित बंगाली वस्त्या आहेत. या मंडळींची आपापसांत नाती, सोयरिकी आणि फुटबॉलची जुनी भांडणं आहेत. चांगल्या खेळाडूला दुसरं गाव भाड्यानं बोलावतं. जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि वर पाकीट. जिंकलं तर पाकीट जाड.

आमचा एक स्ट्रायकर शिबिराच्या तिसऱ्या दिवशी तापानं घरी गेला. दोन दिवसांनी मी काही कामानं मुलचेऱ्याकडे निघालो होतो. वाटेत एका गावाबाहेर गर्दी दिसली म्हणून गाडी थांबवली. झाडाआड उभा राहतो न राहतो तोच भोंगा गरजला. कॉमेंट्रीवाला श्वास न घेता सांगत होता की आता चेंडू आहे 'विद्यापीठाचा वाघ' याच्याकडे, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. गोल झाला. पोरांनी वाघाला खांद्यावर घेतलं आणि खांद्यावरूनच त्याची नजर माझ्यावर पडली.

मध्यंतरात तो स्वतःच आला. घामानं निथळत होता.

"ताप उतरला वाटतं?" मी म्हणालो.

"सर, घाम आला की उतरतो."

त्याला शिबिरातून काढायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण दुसऱ्या अर्ध्यात त्यानं डाव्या पायानं मारलेली एक फ्री किक पाहिली. आमच्या शिबिरात त्यानं डावा पाय कधी दाखवलाच नव्हता. तो म्हणाला, "तुम्ही उजवीकडेच उभं केलं, सर." तेव्हापासून मी निवड चाचणीआधी गावच्या स्पर्धा पाहून ठेवायचो. दीड तासाच्या चाचणीत पोरगं काय दाखवू शकतं हे कळतं. पाकीट पणाला लागलं की ते काय करू शकतं, ते बांबूच्या कुंपणाशी उभं राहूनच कळतं.

आठ नंबरचा बूट

विद्यापीठाच्या संघात दोन जातीचे खेळाडू असायचे. एक चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावतीकडचे. कोळसा खाणी, कागद कारखाना, आयुध निर्माणी यांच्या वसाहतीतली ही पोरं. त्यांच्याकडे बूट, शिनपॅड, कधी स्वतःचा चेंडूही. दुसरे आमच्या बांधीतले. ते अनवाणी कुणालाही ऐकायचे नाहीत. बूट घातला की मात्र चालतानाही अडखळायचे.

बूट नसेल तर पंच मैदानात उतरू देत नाहीत, मग उसनवारी सुरू व्हायची. आठ नंबरचा एक जुना बूट आमच्या संघात कितीतरी पायांतून गेला. सात नंबरवाला पायात दोन मोजे चढवायचा, नऊवाला पुढचं कापड थोडं उसवायचा. बूट घालून धावायची सवय व्हावी म्हणून एकानं तो आठवडाभर घरी गुरांमागे जाताना घातला. त्याच्या आईनं मला बाजारात गाठलं. "सर, तुम्ही त्याला काय शिकवता? म्हशी बिचकतात त्याच्या पायाला!"

दुसरी अडचण मैदानाची. पूर्ण मापाचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद. गावात जागा मिळेल तेवढं मैदान. एका बाजूला मोहाचं झाड, दुसऱ्या बाजूला तळं. पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उतरलेल्या आमच्या विंगरनं सवयीनं जीव खाऊन धाव घेतली, मान वर केली तर गोलपोस्ट अजून तेवढीच लांब. तो थांबला आणि बाकाकडे पाहून ओरडला, "सर, हे संपतच नाही!"

व्हॉलीबॉलचा गोलकीपर

बंगाली पोरांत गोलकीपर मिळणं कठीण. प्रत्येकाला गोल मारायचा असतो, अडवायला कोण उभा राहणार? एका वर्षी आम्हाला गोलकीपर मिळाला तो व्हॉलीबॉलमधून. भामरागडकडचा माडिया मुलगा, आश्रमशाळेत शिकलेला. त्या भागात व्हॉलीबॉल जोरात चालतो. हा उंच, अबोल, आणि हवेतला चेंडू त्याच्या हातातून सुटतच नव्हता. त्याला पायानं खेळायचं म्हटलं की तो संकोचायचा. आम्ही म्हटलं, तू हातानंच खेळ.

पहिल्याच सराव सामन्यात वेगळाच प्रश्न उभा राहिला. आमचे दोन्ही बॅक घाईच्या वेळी बंगालीत ओरडायचे, हा माडिया आणि मराठी बोलणारा. बॅक 'सोड' म्हणताहेत की 'पकड', ते कळेना. दोन सोपे गोल झाले. रात्री मेसमध्ये तिघं एका ताटाशी बसले आणि तह झाला. मैदानात शब्द वापरायचेच नाहीत. त्यानं चेंडू घ्यायचा असेल तर एक शिट्टी, बॅकनं घ्यायचा असेल तर दोन. पुढच्या सामन्यात पंचानं खेळ थांबवून विचारलं, "शिट्टी कोण वाजवतंय?" तह तिथेच मोडला. पण तोवर पोरं एकमेकांच्या अंगाच्या हालचालीवरून ओळखायला शिकली होती.

डब्यातला वास

बाहेरच्या स्पर्धेला जाणं म्हणजे आधी बल्लारशा गाठणं. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडसा, तेही उत्तर टोकाला. दक्षिणेकडच्या मुलचेऱ्याला त्याचा उपयोग नाही. पावसाळ्यात दिना नदी फुगली की आष्टीकडचा रस्ता बंद, म्हणून चाचण्यांच्या काळात काही मुलं आधीच दोन दिवस मावशीकडे जाऊन राहत. एकाची चंद्रपुरात मावशी नव्हती. त्याच्या मित्राची होती. ती पुढे सगळ्या संघाचीच मावशी झाली.

गुजरात-राजस्थानकडे गेलं की खरी परीक्षा मेसमध्ये. भाजी, डाळ, फुलके, वर ताक. वसाहतीतली पोरं आनंदानं जेवायची. आमची बांधीतली पोरं दोन दिवस भात शोधायची आणि तिसऱ्या दिवशी गप्प व्हायची. मासळी नाही म्हणजे जेवणच नाही. अशाच एका मुक्कामी चौथ्या दिवशी वसतिगृहाच्या मजल्यावर विचित्र वास सुटला. शेजारच्या संघाचे व्यवस्थापक, जैन गृहस्थ, नाकाला रुमाल लावून आले. "सर, कुछ मर गया है क्या?" शोध घेतला तर चेंडूंच्या जाळीत, हवा काढून ठेवलेल्या चेंडूच्या आड प्लास्टिकच्या डब्यात शुटकी. सुकी मासळी. एका आजीनं नातवासाठी दिलेली. तो रात्री भातावर चिमूटभर घ्यायचा आणि विश्वासातल्या तिघांना द्यायचा. त्या गृहस्थांना मी सांगितलं की बुटांचा वास आहे. त्यांनी आमच्याकडे इतक्या करुणेनं पाहिलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या संघानं दोन जोड बूट आणून दिले.

खोलीतलं दुसरं युद्ध कलकत्त्याच्या नावानं व्हायचं. मुलचेऱ्याची पोरं पूर्व बंगालच्या मुळाची, त्यामुळे 1920 साली स्थापन झालेल्या ईस्ट बंगालची जन्मजात भक्त. चंद्रपूरच्या वसाहतीतला एखादा मुलगा पश्चिम बंगालचा निघायचा, तो मोहन बागानचा. दोन्ही संघांचा सामना असला की त्या संध्याकाळी आमचा संघ दुभंगायचा. हरलेल्या बाजूचा मुलगा जिंकलेल्याला सरावात पास द्यायचा नाही. मराठी पोरं मध्ये पडून म्हणायची, "अरे, उद्या आपल्याला खेळायचंय बे!"

कोट आणि कॅलेंडर

आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेल्याला कलर कोट मिळतो आणि तो कलर होल्डर होतो. बाद पद्धतीत पहिल्या फेरीतच निम्मे संघ घरी जातात, त्यामुळे कोट मिळवलेल्या पुष्कळ पोरांना मैदानावर फार वेळ मिळालेला नसतो. पण कोटाला गावात आयुष्य मोठं असतं. लग्नात, मुलाखतीला, कालीपूजेच्या मांडवात तो अंगावर चढतो. एकाचा कोट धाकट्या भावानं साखरपुड्यात घातला. खिशावरचं बोधचिन्ह पाहून मुलीकडच्यांनी विचारलं, "जावई विद्यापीठात नोकरीला आहेत का?" तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

कोटापेक्षा प्रमाणपत्राची किंमत जास्त. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालतं, याचे नियम किचकट. पण बांधीत खेळणाऱ्या पोराच्या बापाला एवढं कळलेलं असतं की खेळानं कागद मिळतो आणि कागदानं कधीकधी भाकरी. म्हणूनच तो धान पडलेलं असतानाही पोराला चाचणीला पाठवतो आणि स्वतः विळा घेऊन एकटा बांधीत उतरतो.

संघाला चांगला कोच हवा, मैदान हवं, बूट हवेत, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. माझं मागणं त्याहून स्वस्त आहे. नव्या क्रीडा वर्षाचं वेळापत्रक ठरवणाऱ्यानं कॅलेंडर उघडलं की आधी दोन गोष्टींवर खूण करावी: झाडीपट्टीतली धानाची कापणी आणि कालीपूजा. त्या खुणा सोडून चाचणीची तारीख धरावी. मग ताप कमी येतील, बाप एकटे पडणार नाहीत आणि संघात ती पोरं दिसतील जी आज भोंग्यावरच ऐकू येतात. तारीख बदलायला निधी लागत नाही. आणि जमलं तर त्याआधी एक रविवार मोकळा ठेवून बांबूच्या कुंपणापाशी येऊन उभं राहावं. पण लवकर यावं. पुढची जागा आजोबा लोक दुपारीच धरून बसतात.